दहापैकी सहा

माणसाने रुसावं. रुसणं हा माणसाचा हक्क आहे. पण जेवणावर रुसू नये, आणि रुसलाच तर भिंतीकडे तोंड करून पडू नये, कारण मग समोरच्याने भांडायचं कुणाशी, पाठीशी? भागूबाईचं आपल्या मुलाबद्दल, अल्पेशबद्दल, एवढंच म्हणणं होतं, आणि ते ती सकाळपासून स्वयंपाकघरातून, ओटीवरून, अंगणातून आणि मोरीतून वेगवेगळ्या पट्टीत सांगत होती. अल्पेश आतल्या खोलीत पलंगावर आडवा होता. भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता, तो बघत होता. उशाशी ठेवलेल्या ताटातलं बोंबलाचं कालवण थंड झालं होतं. बोंबील थंड झाले की त्यांच्याकडे बघवत नाही, पण जो माणूस ताटाकडे पाठ करून पडलाय त्याला ते काय सांगायचं.

भागूबाईला राग जास्त येत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. रुसलेल्याला उठवून पानावर बसवणं ही गावात तिची खासियत. जूचंद्रात लग्न म्हटलं की मांडवात एक तरी माणूस रुसतोच. मामाला मान उशिरा दिला, आत्याचं लुगडं हलकं निघालं, थोरल्या जावयाच्या आधी धाकट्याला वाढलं. रुसलेला माणूस मांडवाबाहेर जाऊन आंब्याखाली उभा राहतो, आणि यजमान धावत भागूबाईकडे येतो. ती पदर खोचून जाते, आधी यजमानाला झापते, मग रुसलेल्याला त्याच्या दुप्पट, आणि दोघांना एका पंगतीला बसवून परत येते. खाडीपलीकडचे लोक तिला न्यायला रिक्षा पाठवत. आणि आता तिच्याच घरात, तिच्याच हातचं ताट असं पडून. उद्या कुणाच्या मांडवात कुठल्या तोंडाने जायचं?

बरं, एवढं रुसायला झालं काय होतं? तर दहापैकी सहा मार्क मिळाले होते.

अल्पेश मालाडला एका कंपनीत जाहिरातींची कार्टूनं हलवायचा. पगार बरा होता, जेवणाचा डबा रिकामा परत यायचा. दोन वर्षांमागे त्याने ती नोकरी सोडली, पोटमाळ्यावर कॉम्प्युटर चढवला आणि एकट्याने एक गेम करायला घेतला. हल्लीच्या गेममध्ये माणसं खऱ्यासारखी दिसतात आणि रक्तही खऱ्यासारखं उडतं, असं भागूबाईच्या कानावर होतं. अल्पेशचा गेम मात्र मुद्दाम जुन्या धाटणीचा. सगळं बारीक बारीक चौकोनांचं. माणूस चौकोनांचा, खाडीकाठचं खाजण चौकोनांचं, मिठागरं चौकोनांची. कंदील घेतलेला एक पोरगा बांधांवरून उड्या मारत हिंडतो, चिखलात रुततो, तिवरांच्या झाडांतून वाट काढतो आणि शेवटी पाण्याखाली गेलेल्या एका गावात पोचतो. कुठे जायचं ते कुणी सांगत नाही, ज्याचं त्याने शोधायचं. अगदी सुरुवातीला भागूबाई एकदा शिडी चढून वर गेली होती. जूचंद्रच्या बाईला रांगोळीतलं काही शिकवावं लागत नाही. पडद्याकडे बराच वेळ बघून ती म्हणाली होती, "ठिपके तर मांडलेस. रेषा कधी जोडनार?" अल्पेश हसला. त्यानंतर तिने शिडी चढणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणून, असं ती सांगे. पण गुडघे काही हसण्याने दुखत नाहीत.

तर हा गेम परदेशात, इंटरनेटवरून विकायला लागला, आणि तिकडे गेम तपासून मत देणारी जी माणसं असतात त्यांतल्या ओस्कार नावाच्या एका बड्या माणसाने त्यावर लांबलचक लिहून तळाशी मार्क दिले. सहा.

ही बातमी आदल्या दिवशी सकाळच्या चहाला सुनेने दिली. सून दिपिका वसईच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. "सहा आले," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली आणि कप उचलून आत गेली. पण तेवढं शत्रुघ्नच्या कानावर पडलं. शत्रुघ्न म्हणजे भागूबाईचा नवरा, ज्याने आयुष्यात मार्क हा प्रकार फक्त कमी पडल्यावरच पाहिला होता.

"दहात सहा म्हनजे साठ टक्के," तो म्हणाला. "साठ म्हनजे फर्स्ट क्लास. ते पन फॉरेनचा."

चप्पल पायात सरकवून तो गेला तो नायगावहून पेढ्यांचा खोका घेऊनच आला. दुपारपर्यंत गल्लीत कुणी पेढ्यावाचून राहिलं नाही. शेजारच्या काशीरामने, जो एकेकाळी पंचायतीत कारकून होता आणि आता देवळाशेजारी सायबर कॅफे चालवत होता, मंडळातर्फे संध्याकाळपर्यंत फ्लेक्ससुद्धा लावला. 'जूचंद्रच्या सुपुत्राचे परदेशात घवघवीत यश.' फोटो घाईत मिळाला नाही म्हणून लग्नातला लावला. त्यामुळे नाक्यावर अल्पेश मुंडावळ्या बांधून, कुणीतरी ढकलल्यासारखा, येणाऱ्याजाणाऱ्या रिक्षांकडे बघत उभा होता.

अल्पेश संध्याकाळी दूध आणायला नाक्यावर गेला, त्याने तो फ्लेक्स पाहिला, आणि दूध न घेता परत आला. गल्लीतल्या लोकांनी वाटेत त्याची पाठ थोपटली ती वेगळीच. घरात येऊन तो म्हणाला, "गेममध्ये सहा म्हणजे नापास असतं, बाबा. सात म्हणजे काठावर. हैदराबादच्या कंपनीने विचारलंय, मी सोमवारी त्यांना हो कळवतो. आम्ही दोघं तिकडेच जाऊ. झाली हौस." आणि तो पलंगावर पडला, भिंतीकडे तोंड करून.

शत्रुघ्नच्या हातात शेवटचा पेढा होता. तो त्याने हळूच खोक्यात परत ठेवला.

हैदराबाद हा शब्द भागूबाईच्या डोक्यात रात्रभर फिरत राहिला. तिकडे ओले बोंबील मिळत नाहीत. तिकडे गेलेला काशीरामचा पुतण्या गणपतीला आला होता तो जावयासारखा, हात बांधून. दिपिका जाणार, म्हणजे घरात बोलायला कोण, तर शत्रुघ्न. आणि शत्रुघ्नशी भांडण्यात आता राम उरला नव्हता, तो भांडणाच्या आधीच हो म्हणतो. सोमवार चार दिवसांवर. तेवढ्यात हा रुसवा काढायला हवा.

सकाळी तिने अनुभवाने विचार केला. रुसवा काढायचा तर आधी रुसलंय कोण ते शोधावं लागतं. मांडवात जो तोंड पाडून बसलेला असतो तो पुष्कळदा रुसलेला नसतोच. रुसलेला असतो तो दुसराच, मागे खुर्चीवर बसून वरणात मीठ जास्त आहे म्हणणारा. दहातले सहा देणारा माणूस उरलेले चार नेतो कुठे? स्वतःपाशी ठेवतो. का ठेवतो? त्याला कुठेतरी लागलंय म्हणून. म्हणजे इथे रुसलाय तो ओस्कार.

ती आत जाऊन अल्पेशच्या पाठीला म्हणाली, "त्या ओस्कारला तू आवतन कसं दिलंस?"

"आवतन नाही आई. गेम बघा म्हणून ईमेल केला होता," पाठ म्हणाली.

"म्हनजे नुसता निरोप धाडलास."

"सगळे तसंच करतात."

"नारल नाय, सुपारी नाय, अक्षता नाय. घरी जानं नाय. मंग तो मीठ जास्त बोलनारच."

पाठीने चादर वर ओढून घेतली.

वटारची हेलन आठवड्यातून दोनदा केळी आणि फुलं घेऊन जूचंद्रात यायची. दोघींची मैत्री इतकी जुनी होती की भाव करताना त्या एकमेकींचा अपमान मनापासून करत. हेलनने टोपली उतरवली, सगळं ऐकलं आणि मान डोलावली.

"मी चर्चात आल्पेशसाठी नऊ दिसांची नोव्हेना धरते," ती म्हणाली. "पन भागूबाय, त्या सायबाला गोड काय तरी धाड. माझी सुकेळी दे. फादरच्या रोमच्या पावण्यांनी खाल्ली, तर अजून कागद येतो त्यांचा."

"किती घेशील?"

"तुझ्याकडनं काय घेऊ, तुझं तोंड आधीच सुकलंय."

उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी झाली. तांदळाचे पापड झाले. मान द्यायचा तर पुरा द्यावा म्हणून भागूबाईने वर सुकट घातली, पिशवीत पिशवी करून. नारळ होताच. दिपिकाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो ओस्कार रातो कुठं गो?" दिपिका वह्या तपासत होती, ती म्हणाली, "स्वीडनला बहुतेक." शत्रुघ्नने गाठोड्यावर ठळक अक्षरात लिहिलं: श्री. ओस्कार, गेम तपासनीस, मु. पो. स्वीडन.

पोस्टातल्या खिडकीमागच्या माणसाने ते दोनदा वाचलं.

"पुढचा पत्ता?"

"मोठा मानूस हाय. कुनी पन सांगल."

"आजी, गाव, रस्ता, पिन, काही तरी लागतं. आणि परदेशी पार्सलला हा फॉर्म भरावा लागतो. आत काय आहे?"

"मान हाय."

"म्हणजे वस्तू काय?"

"सांगितलं ना. राह्यलेला मान."

खिडकीमागचा माणूस दमलेला होता. त्याच्यामागे पंखा होता पण तो वीज नसल्याने नुसता टांगलेला. "किंमत लिहावी लागते," तो म्हणाला.

"मानाला किंमत नसते."

"मग शून्य लिहू?"

हे मात्र भागूबाईला लागलं. आयुष्यात तिच्या मानाची किंमत कुणी शून्य लावली नव्हती, आणि तीसुद्धा सरकारी फॉर्मवर. ती खिडकीला जे बोलली त्याने मागची रांग दोन पावलं मागे सरली. ते संपेपर्यंत पोस्टाच्या आवारातलं मांजर गाठोड्यावर येऊन बसलं होतं. सुकटीला पिशव्यांनी काही फरक पडत नाही. मग वरचे साहेब बाहेर आले, त्यांनी पांढऱ्या कापडात शिवून लाख लावून आणायला सांगितलं. ती घरी गेली, दाभणाने शिवून आली, तर पार्सलची वेळ टळलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, तर तिसऱ्याच एका साहेबांनी लांबूनच नाकाला रुमाल लावून सांगितलं की खाण्याच्या अशा वस्तू जात नाहीत, हे कालच सांगायला हवं होतं. कुणी सांगायला हवं होतं, यावर तिघा साहेबांत मतभेद झाला. भागूबाई गाठोडं घेऊन रिक्षात बसली. दोन मांजरं वळणापर्यंत रिक्षामागे आली. एवढ्या धडपडीत मान मिळाला तो त्यांना, असं तिला वाटून गेलं.

ओटीवर ती पाय पसरून बसली होती तिथे काशीराम आला. फ्लेक्सचा विषय त्याने काढला नाही, तिनेही काढला नाही. फ्लेक्स अजून नाक्यावर होता आणि कावळ्यांनी त्याच्याकडे लक्ष द्यायला सुरुवात केली होती.

"भागूवैनी, तुम्ही भलत्या वाटेनं चालल्यात," काशीराम म्हणाला. "मार्क कमी पडले तर पेढे नि सुकट नाय चालत. फेरतपासनीचा अर्ज टाकावा लागतो. बोर्डात टाकतात तसा."

"स्वीडनला चालतो?"

"अर्ज सगलीकडं चालतो. त्या ओस्कारच्या लिहिन्याखाली जागा असते, कोनी पन लिवावं. तुम्ही बोला, मी इंग्लिशमधी उतरवतो. पंचायतीत एवढी वर्षं काय केलं मी?"

काय केलं ते सगळ्या गावाला माहीत होतं, पण भागूबाई दमली होती, म्हणून उठली.

काशीरामच्या कॅफेत विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर सुरू झालं. पण त्या दिवसांत वसईत वीज भरतीच्या पाण्यासारखी यायची आणि तशीच जायची. दिवे एकदा फडफडले की काशीराम घाबरून, लिहिलंय तेवढं जावं म्हणून बटण दाबून टाकी. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ओस्कारच्या लेखाखाली, जगभरातल्या लोकांसमोर, आधी नुसतं 'महोदय, मी खाली सही करणारी' एवढंच गेलं. मग 'महोदय, मी खाली सही करणारी अल्पेशची आई असून आपले सहा मार्क' एवढं गेलं. मग 'महोदय' हे एकटंच, दोनदा. शेवटी वीज टिकली आणि भागूबाईने काशीरामचे मायने बाजूला सारून आपलं म्हणणं सांगितलं. तुम्हाला मान द्यायचा राहिला ती चूक आमच्या पोराची. सुकेळी पोस्टाने घेतली नाहीत ती चूक पोस्टाची. पण पोराने अन्न सोडलंय आणि ती चूक तुमची. तुम्हालाही आई असेल. उरलेले चार मार्क सोमवारच्या आत द्यावेत. इकडे कधी आलात तर बोंबील करून घालीन, पण चार दिल्यावर.

काशीरामने ते कसं उतरवलं देव जाणे. उतरवताना तो बराच घामाघूम झाला, एवढं खरं.

रविवारी सकाळी दिपिका शिडीवरून खाली आली ती नेहमीपेक्षा सावकाश. भागूबाई तांदूळ निवडत होती.

"आई, तुम्ही ओस्कारला काही लिहिलंत?"

"लिवलं. दिले त्यानं चार?"

"नाही. पण त्याने उत्तर दिलंय. तिथे खूप लोक जमलेत."

"काय म्हनतो?"

दिपिका सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली. "तो विचारतोय, गेममधली ती म्हातारी तुम्हीच का?"

भागूबाईचा हात थांबला. "कंची म्हातारी?"

असा प्रश्न सुनेला विचारला म्हणजे तिला शाळेत जायची घाई होते. पण आज रविवार होता. सासूने सूप बाजूला ठेवलं, पाट सरकवला आणि म्हणाली, "बस. ओस्कारनं लिवलंय ते सगलं वाच. पहिल्यापासनं."

दिपिका वाचून दाखवू लागली, म्हणजे मनात वाचून मराठीत सांगू लागली. ओस्कारने सुरुवात फार छान केली होती. एवढ्याशा चौकोनांतून इतका ओला, इतका खारट मुलूख उभा राहिलेला त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बांधावरून उडी मारताना पायाखाली चिखल आहे की मीठ हे बोटांना कळतं, असं तो म्हणत होता. पाण्याखालच्या गावात कंदील विझतो तिथे तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

"मंग चार कुटं गेले?"

"पुढे तो म्हणतो की एक अडचण आहे. घरात एक... वयस्कर बाई आहे. ती थोडी बोलकी आहे."

"बोलकी असं लिवलंय?"

"म्हणजे... बरीच बोलकी."

"दिपिका. शालेत पोरांना नापास केल्यावर सांगतंस तसं सांग."

दिपिकाने श्वास घेतला. "तो म्हणतो, ही म्हातारी असह्य आहे. दारात उभी राहते, पोराला जेवल्याशिवाय बाहेर सोडत नाही. दर वेळी परत आलं की तेच बोलते. तिला टाळता येत नाही, थांबवता येत नाही, उडी मारून ओलांडता येत नाही. तो म्हणतो, पूर्ण गेममध्ये मगरी आहेत, भुतं आहेत, बुडणारं गाव आहे, पण त्याला कंटाळा फक्त तिचा आला. तिच्याशिवाय हा गेम नऊचा होता."

शत्रुघ्न ओटीच्या कोपऱ्यात पेपर वाचत होता, तो पेपर त्याने जरा वर धरला. पेपर हलत होता.

"अवं, हसू नका," भागूबाई म्हणाली. "बाकीचे काय म्हनतात?"

"बाकीचे भांडतायत. एक म्हणतो म्हातारीला काढा. एक बाई म्हणते, माझी आजी अशीच होती, काढलंत तर याद राखा. ब्राझीलच्या एकाने लिहिलंय की ती जेवलास का विचारते तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दुपारपासून खाल्लंच नाही, म्हणून तो गेम थांबवून जेवून आला."

"म्हनजे जगात एक तरी शहाना हाय." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. मना बघायची हाय ती."

"शिडी आहे आई. गुडघे..."

"गुडघे माझे हायेत."

शिडीवर तिला वेळ लागला. मधल्या पायरीवर ती थांबली, खालून शत्रुघ्नने हात पुढे केला तो तिने घेतला नाही. वर पोटमाळ्यावर उकाडा होता आणि टेबलाखाली चहाच्या कपांची वस्ती. दिपिकाने कॉम्प्युटर लावला. काळा पडदा, मग खाडीच्या रंगाचा. कंदीलवाला पोरगा एका कौलारू घरात उभा राहिला. दिपिकाने त्याला दाराकडे चालवलं, आणि दारात ती आली.

कमरेवर हात. हिरवं लुगडं. चौकोन मोजून पंधरा-सोळा भरले नसते, पण उभं राहण्यात शंकेला जागा नव्हती. उजवा खांदा जरा खाली, जसा भागूबाईचा पाण्याच्या हंड्याने झाला होता. खाली एक पट्टी उमटली, वर मराठी, खाली इंग्रजी. भागूबाईचं शिक्षण चौथीच्या अलीकडचं, तिने बोट फिरवत अक्षर अक्षर लावलं. 'जेवलास का रं?'

पोरगा मागे गेला, पाटावर बसला, जेवला, दार उघडलं. दिपिकाने त्याला बांधावर नेऊन चिखलात पाडलं आणि परत आणलं. 'चपला भायेर.' पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. 'येताना मीठ आन.' पुन्हा आणलं. 'जेवलास का रं?'

"पुढं?"

"पुढे हेच. आलटून पालटून."

भागूबाई पडद्याकडे बघत राहिली. रांगोळीच्या स्पर्धेला परीक्षक येतात तेव्हा बायका अशा उभ्या राहतात, आपल्याच रांगोळीपासून चार हात लांब, जणू ती दुसऱ्याच कुणी काढलीय. तिच्या लक्षात आलं की ठिपके कधीच जोडलेले होते, लांबून बघायचं राहिलं होतं.

"ह्यांना तुम्हाला सांगायचं नव्हतं," दिपिका म्हणाली. "मार्कांचं एवढं नाही आई. परदेशात गेम विकणारं एक मोठं दुकान आहे, ते हा गेम पहिल्या पानावर लावायला तयार होते. अट एकच. म्हातारीला काढा, नाहीतर तिचं तोंड बंद करायला एक बटण द्या. ह्यांनी नाही म्हणून कळवलं. का नाही, ते दुकानवाल्यांना सांगता येईना, आणि घरात कुणाला सांगता येईना. मग म्हणाले, जाऊ दे, हैदराबाद."

भागूबाईने पडद्यावरच्या बाईकडे आणखी एकदा पाहिलं. बाई कमरेवर हात ठेवून पोराची वाट अडवून उभी होती, दमलेली दिसत होती, पण हटत नव्हती. मग भागूबाई शिडी उतरली; उतरताना शत्रुघ्नने हात दिला तो तिने घेतला. स्वयंपाकघरात जाऊन तिने सकाळचे ताजे बोंबील गरम केले, ताट वाढलं, आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. समोर पाठ होती.

"त्या ओस्कारचं बरोबर हाय," ती म्हणाली.

पाठ जरा हलली.

"वर जाऊन बघून आले मी. बाई तेच तेच बोलते म्हनतो तो. बोलनारच. तिच्या तोंडात तू घातलंस काय, तर तीन वाक्यं. जन्मल्यापासनं मी तुझ्याशी बोलतेय, तू जेवताना, न्हाताना, झोपल्यावर पन, आनि दोन वर्षं वर बसून तुना आठवली तीन. तीन वाक्यांत मी तुझ्या बापाला चहा पन दिला नाय कधी. बटन-बिटन द्यायचं नाय. माझं तोंड बंद करायचं बटन हाय असं कललं तर गावाची रांग लागंल. बाई दारातच रानार आनि जेवल्याबिगर सोडनार नाय. पन तिला बोलू दे. कंदील फुटला तर काय बोलंल, चिखलात लोलून आला तर काय बोलंल, फॉरेनच्या मानसासाठी अन्न सोडून भिंतीकडं तोंड करून पडला तर काय बोलंल, ते मी सांगते, तू घाल. आनि हिरवं लुगडं मी कवा नेसले होते? तीन वाक्यांच्या आईला सहा दिले म्हनजे तो ओस्कार देवमानूस हाय. मी चार दिले असते. ऊठ, जेव."